युरेनियमची खाण: आधी टक्का सांगा

८ सप्टेंबर २०२५ ला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं एक कार्यालयीन पत्रक काढलं आणि अणुखनिजांच्या, तसंच इतर सामरिक खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली. या प्रकल्पांची छाननी आता केंद्राच्या पातळीवरच होणार. विदर्भात युरेनियमचा शोध जुना आहे, आणि इथं त्या पत्रकावर जे काही बोललं जातंय ते दोनच पठडीतलं आहे. एक बाजू म्हणते, युरेनियम म्हणजे बॉम्ब, किरणोत्सार आणि कॅन्सर, तेव्हा शोधासाठी जमिनीला भोकसुद्धा पाडू देऊ नका. दुसरी म्हणते, देशाला वीज हवी आहे, कॅनडात बघा किती सुरक्षित खाणी चालतात, मग इथंच रड कशाला? खडकात युरेनियम किती टक्के आहे, हा साधा प्रश्न मात्र दोघांपैकी कुणीच विचारत नाही. माझ्या मते अख्ख्या वादाची किल्ली तिथंच आहे. उच्च प्रतीच्या साठ्याची खाण आणि हलक्या प्रतीच्या साठ्याची खाण हे दोन वेगळे उद्योग आहेत. एकीचा दाखला देऊन दुसरीची परवानगी मागता येत नाही. आणि गावकऱ्याला हा प्रश्न सरकारी कागदावर नोंदवून विचारता येईल अशी जी जागा होती, तीच या पत्रकानं काढून घेतली.

हिशेब बघा. झारखंडच्या जादूगोडा इथं १९६७ मध्ये खाण सुरू झाली. तिथल्या खडकात युरेनियम ऑक्साइडचं प्रमाण ०.०६ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे एक टन दगड फोडल्यावर सहाशे ग्रॅम. आंध्र प्रदेशातल्या तुम्मलपल्लीत ते आणखी कमी, चारशे ग्रॅमच्या घरात. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या अथाबास्का खोऱ्यात सिगार लेक नावाची खाण आहे. तिथं हेच प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे टनामागे दीडशे किलो. एक टन ऑक्साइड हवं असेल तर सिगार लेकला सहा-सात टन खनिज पुरतं, जादूगोड्याला जवळजवळ सतराशे टन दगड दळावा लागतो. दळल्यावर युरेनियम काढून घेतलं तरी खनिजातला सुमारे ८५ टक्के किरणोत्सार मागं उरलेल्या गाळातच राहतो, कारण थोरियम-२३० आणि रेडियम-२२६ युरेनियमबरोबर बाहेर पडत नाहीत. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, १६०० वर्षांचं आहे, त्या थोरियमचं ७५ हजार वर्षांचं. अखंड खडकात हे सगळं बऱ्यापैकी कोंडलेलं होतं. त्याचं पीठ केल्यावर रेडॉन हा किरणोत्सारी वायू मोकळा सुटतो आणि पाणी प्रत्येक कणापर्यंत पोचतं.

इथं कुणी जाणकार आक्षेप घेईल, आणि तो रास्त असेल. एक टन युरेनियममागे उरणारं रेडियम दोन्हीकडे जवळजवळ सारखंच. कॅनडाचा गाळ थोडा पण तीव्र, आपला पुष्कळ पण सौम्य. मग फरक कुठं पडला? फरक राखण करण्यात पडतो. सात टनांचा गाळ एका खोल खड्ड्यात, पाण्याखाली, चहूबाजूंनी निचऱ्याची सोय करून ठेवता येतो आणि झिरपणारं पाणी उपसून शुद्ध करता येतं. सतराशे टनांतला भरड भाग खाणीत परत भरता येतो, बारीक गाळ मात्र उघड्या तळ्यात पसरावा लागतो. त्याभोवती मातीचे बांध घालावे लागतात आणि दर पावसाळ्यात ते टिकतील अशी आशा धरावी लागते. आकारमान वाढलं की बांधाची लांबी वाढते, आणि बांध कुठूनही फुटू शकतो.

कॅनडाचं उदाहरण देणाऱ्यांनी तिथलं काम नेमकं कसं चालतं तेही सांगायला हवं. सिगार लेकचा साठा १९८१ मध्ये सापडला. जमिनीखाली साडेचारशे मीटरवर, पाण्यानं भरलेला वालुकाश्म आणि त्याखालचा जुना कठीण खडक यांच्या सांध्यात तो आहे. वरच्या वालुकाश्मातल्या पाण्याचा दाब एवढा की बोगद्याचं छत जरा ढासळलं तरी खाण भरून जाते. म्हणून आधी खनिजात नळ्या उतरवून त्यांतून शून्याच्या बराच खालच्या तापमानाचं खारं पाणी फिरवतात आणि अख्खा पट्टा गोठवतात. मग खालच्या कठीण खडकातल्या बोगद्यातून वर भोक पाडून प्रचंड दाबाच्या पाण्याच्या झोतानं गोठलेलं खनिज कापतात. ते चिखलाच्या रूपात नळीनं खाली येतं आणि रिकामी झालेली पोकळी काँक्रीटनं बुजवतात. खनिज इतकं तीव्र आहे की माणूस त्याच्याशेजारी उभा राहून काम करू शकत नाही. कापणं, दळणं, पंपानं वर चढवणं, सगळं दुरून. एवढं करूनही ऑक्टोबर २००६ मध्ये खडक कोसळला, पाणी घुसलं आणि खाण बुडाली. वरून भोकं पाडून, त्यांतून काँक्रीट सोडून गळती बुजवली, उपसा सुरू केला, तर ऑगस्ट २००८ मध्ये दुसरीकडून पाणी आलं. पहिलं खनिज बाहेर आलं ते मार्च २०१४ मध्ये, शोधानंतर तेहतीस वर्षांनी. शेजारच्या मॅकआर्थर रिव्हर खाणीतही २००३ मध्ये पाणी शिरून काही महिने उत्पादन थांबलं होतं.

हा सगळा खर्च आणि ही तेहतीस वर्षं कंपनीनं का सोसली? टनामागे दीडशे किलो माल मिळणार होता म्हणून. ०.०४ टक्क्यांच्या खडकासाठी कुणीही जमीन गोठवत नाही, दूरनियंत्रित यंत्रं बसवत नाही, गाळासाठी तसा खोल खड्डा खणत नाही. टनामागे चारशे ग्रॅम विकून तो खर्च निघतच नाही. तिथली सुरक्षितता त्या टक्क्यानं विकत घेतलेली आहे. त्या खाणीची छायाचित्रं दाखवून हलक्या प्रतीच्या खाणीसाठी जमीन मागणं ही लोकांची दिशाभूल आहे.

आता आपल्याकडे काय आहे? युरेनियमचा शोध घेणाऱ्या अणुखनिज संचालनालयाचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरातच आहे आणि डोंगरगड-कोटरी पट्ट्यात, म्हणजे छत्तीसगडच्या राजनांदगावपासून गोंदिया-गडचिरोलीच्या बाजूला येणाऱ्या जुन्या खडकांत, त्याचा शोध जुना आहे. सरकारी नोंदींत महाराष्ट्राच्या नावावर युरेनियम ऑक्साइडचा साठा आहे ३५५ टनांच्या आसपास. ७०० मेगावॉटच्या एका भारतीय अणुभट्टीला वर्षाला शंभर टनांच्या वर युरेनियम लागतं. ऑक्साइडमधला ऑक्सिजन वजा करा, दळताना-काढताना वाया जाणारं वजा करा, तर हा सगळा साठा एका भट्टीला तीन वर्षंही पुरणार नाही. देशातली नेहमीची प्रत धरली तर त्यासाठी सहा-सात लाख टन दगड दळावा लागेल. पुढच्या शोधात मोठा किंवा चांगल्या प्रतीचा साठा सापडू शकतो, हे मान्य. तसं झालं तर आकडे मांडा, पुन्हा हिशेब करू. आज हातात असलेल्या आकड्यांवर तीन वर्षांच्या इंधनासाठी हजारो वर्षांचा गाळ, असाच व्यवहार दिसतो.

आणि हा गाळ ठेवणार कुठं? गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा तलावांचा मुलूख आहे. कोहळी समाजानं बांधलेले माजी मालगुजारी तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी, इथं हजारोंनी आहेत. त्यांची रचना जवळून बघितली तर धोका नीट कळतो. वरच्या तलावाची पाळ ओलांडण्याआधी पाणी सांडव्यानं निघतं, खालच्या बोडीत उतरतं, तिथून धानाच्या बांध्यांत, एका बांधीतून दुसरीत, मग पुढच्या तलावात आणि शेवटी नाल्यानं वैनगंगेकडे. थेंब वाया जाऊ नये म्हणून ही साखळी बांधली गेली. त्या साखळीच्या डोक्यावर गाळाचं तळं बसवलं आणि ते फुटलं, तर तीच साखळी रेडियम आणि सल्फेट घेऊन प्रत्येक बांधीत पोचवेल. ढिवरांची मासेमारी त्याच तलावांत, रोवणीला पायी उतरणाऱ्या बाया त्याच चिखलात. पाऊस बाराशे ते पंधराशे मिलिमीटर, तोही मुख्यतः चार महिन्यांत. कोरड्या प्रदेशात बाष्पीभवनावर विसंबून तळ्याची पातळी राखता येते, इथं श्रावणात ते शक्य नाही.

तळं फुटतं कसं, तेही माहीत असायला हवं. कधी पाणी बांधावरून वाहतं आणि माथा कापत नेतं. कधी बांधाच्या पोटातून बारीक झिरपा सुरू होतो, मातीचे कण वाहून जातात आणि आतून पोकळ झालेला बांध एका रात्रीत बसतो. बऱ्याचदा तळं शाबूत असतं आणि तिथपर्यंत गाळ नेणारी नळी फुटते, कारण वाळूसारखा खरखरीत गाळ वळणावरचं लोखंड आतून झिजवत राहतो. जादूगोड्यात डिसेंबर २००६ मध्ये नळीच फुटली आणि गाळ नाल्यात गेला. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या चर्च रॉक इथं १६ जुलै १९७९ ला बांधच फुटला. अकराशे टन गाळ आणि कोट्यवधी लिटर आम्लयुक्त पाणी नाव्हाहो लोकांच्या गुराढोरांच्या नदीत उतरलं. लांब कशाला जायचं? १६ जुलै २०२२ ला नागपूरजवळ खसाळ्याला औष्णिक वीज केंद्राच्या राखेचा बांध फुटला तेव्हा राख कुठंकुठं पोचली ते लोकांनी बघितलंच आहे. ती कोळशाची राख होती. राखेचा बांध ज्या राज्यात पावसात टिकला नाही, तिथं युरेनियमच्या गाळाचा बांध कोणत्या पावसासाठी, किती वर्षांसाठी आणि कुणाच्या देखरेखीखाली बांधणार, हा प्रश्न विचारणाऱ्याला विकासविरोधी म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

विरोधकांशीही माझं तितकंच भांडण आहे. भोक पाडलं की गावाला कॅन्सर होतो, हे खरं नाही. युरेनियमचा मुख्य किरणोत्सार कातडी भेदून जात नाही. धोका तो श्वासातून किंवा पाण्यातून पोटात जाण्याचा, आणि खाणीत रेडॉनचा. रेडॉनचा धोका भयंकर खरा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनीतल्या विस्मुट खाणींत वायुवीजनाविना राबलेले हजारो कामगार फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेले. पण त्यावर उपाय माहीत आहे: पुरेशी हवा खेळवणं आणि प्रत्येक कामगाराला मिळालेली किरणोत्साराची मात्रा मोजणं. आजच्या खाणीत तो पाळला जाऊ शकतो. भोकाचा खरा धोका वेगळाच आहे. शोधासाठी पाडलेलं भोक काम झाल्यावर तळापासून सिमेंटनं बुजवलं नाही, तर खोलवरचं फ्लोराइड किंवा युरेनियम असलेलं पाणी आणि वरचं विहिरीचं पाणी यांची गाठ पडते. चंद्रपूर-यवतमाळच्या गावांनी फ्लोराइडचं पाणी पिऊन दात आणि हाडं गमावली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून 'भोक पाडू नका' यापेक्षा 'प्रत्येक भोक बुजवल्याची नोंद ग्रामपंचायतीला द्या' ही मागणी कितीतरी धारदार आहे. चुकीच्या मुद्द्यावर उभा असलेला विरोध पाच मिनिटांत कोसळतो. एखादा अधिकारी मोजणीयंत्र घेऊन येतो, किरणोत्सार नेहमीइतकाच असल्याचं दाखवतो, आणि मग गाळाचा खरा प्रश्नही लोकांच्या हसण्यात वाहून जातो.

समर्थकांचे दोन मुद्दे वजनदार आहेत. पहिला कोळशाचा. चंद्रपूर, वणी, उमरेड, कोराडी: विदर्भानं वीज देऊन जेवढी धूळ, राख आणि मातीचे डोंगर पदरात घेतले, तेवढं नुकसान देशातल्या युरेनियम खाणींनी मिळूनही केलेलं नाही. अणुऊर्जा कोळशाची जागा घेणार असेल तर तिचं स्वागतच करायला हवं. मला ते मनापासून मान्य आहे. पण त्यातून विदर्भातच खाण हवी असं निघत नाही. उलट निघतं ते हे की सर्वांत कमी गाळ करणारं युरेनियम वापरा. ते बाहेरून मिळतं. एप्रिल २०१५ मध्ये भारतानं कॅनडाच्या त्याच अथाबास्का खोऱ्यातल्या कंपनीशी पाच वर्षांच्या पुरवठ्याचा करार केला होता. दुसरा मुद्दा स्वावलंबनाचा. २००७-०८ मध्ये इंधन नाही म्हणून आपल्या भट्ट्या निम्म्या क्षमतेवर चालवाव्या लागल्या होत्या, आणि आयात केलेलं युरेनियम आंतरराष्ट्रीय तपासणीखालच्या भट्ट्यांतच वापरता येतं. म्हणजे देशाला स्वतःचं थोडं युरेनियम लागणारच. बरोबर. पण त्या गरजेसाठी झारखंड आणि आंध्रात खाणी आहेत, साठेही तिथं कितीतरी मोठे आहेत. ३५५ टनांनी कोणतं स्वावलंबन येणार? देशासाठी त्याग मागायचा तर त्यातून देशाला काय मिळणार ते आकड्यात सांगणं हे मागणाऱ्याचं काम आहे.

जनसुनावणीबद्दलचा त्यांचा आक्षेपही मी बाजूला सारणार नाही. आपल्या सुनावण्या बऱ्याचदा तमाशा असतात. अहवालाचा सारांश बोजड मराठीत, मूळ अहवाल इंग्रजीत, मंडपात पोलीस जास्त आणि गावकरी कमी. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागड लोहखाणीच्या विस्ताराची सुनावणी खाणीपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर, गडचिरोलीत झाली. एटापल्लीच्या माणसानं एक दिवसाची मजुरी बुडवून तिथवर जायचं आणि दोन मिनिटं बोलायचं. पण सुनावणी वाईट होते म्हणून ती रद्द करणं हा कुठला न्याय? वाईट होते ती गावात घेत नाहीत म्हणून, माडियात आणि गोंडीत समजावत नाहीत म्हणून. यात पळवाट आधीपासूनच होती. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत संरक्षण आणि सामरिक कारणांसाठी सूट देण्याचं कलम होतंच. ते अपवादासाठी होतं, आता त्याचा नियम झाला. आणि गुपित तरी कशाचं? जादूगोड्याचा टक्का, साठा, प्रक्रिया, सगळं छापील आहे. गाळाच्या तळ्याच्या बांधाची उंची शत्रूला कळली तर देशाचं काय बिघडतं?

ज्या कॅनडाचा दाखला दिला जातो, तिथंही हे शहाणपण ठेच लागल्यावरच आलं. सस्कॅचेवानच्याच उत्तरेला गनर नावाची खाण १९६० च्या दशकात बंद झाली. कंपनी निघून गेली, गाळ उघड्यावर राहिला, आणि पन्नास वर्षांनी तो सरकारी पैशानं साफ करायला घेतला तेव्हा खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट झाला. गनरनंतरच्या खाणींना जमिनीच्या करारात स्थानिकांच्या नोकऱ्यांची अट आली, खाण बंद करण्याच्या खर्चाची हमी आधीच जमा करणं आलं, मूळनिवासी वस्त्यांशी लेखी करार आले. लोकांना टेबलाशी बसवलं म्हणून त्या खाणी रखडल्या नाहीत. सिगार लेक रखडली ती पाण्यामुळं. आपल्याकडेही हे परकं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून जंगलाचा कारभार स्वतः चालवून दाखवला, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न ओडिशाच्या बारा ग्रामसभांपुढे ठेवला तेव्हा त्यांनी पूर्ण विचारानिशी निर्णय दिला. युरेनियम गौण खनिज नसल्यानं आदिवासी भागातल्या ग्रामसभांना पेसा कायद्यानं दिलेला गौण खनिजांचा (वाळू, मुरूम वगैरेंचा) अधिकार इथं कामी येत नाही. म्हणून तर जनसुनावणी आणखी मोलाची होती.

नोकऱ्यांचं आमिष दाखवताना भावाचा चढउतारही सांगावा. २००७ मध्ये पाउंडाला १३० डॉलरच्या पुढं गेलेलं युरेनियम २०१६ मध्ये वीसच्या खाली आलं होतं. २०१८ पासून मॅकआर्थर रिव्हरसारखी जगातल्या श्रीमंत खाणींपैकी एक खाण भाव नाही म्हणून चार वर्षं बंद राहिली आणि शेकडो कामगार घरी बसले. आपल्याकडे सरकारी कंपनी असल्यानं तसं होणार नाही असं कुणी म्हणेल. पण साठाच एवढासा असेल तर नोकरी किती वर्षांची?

सुनावणी असो वा नसो, ग्रामसभेला स्वतःहून करता येण्यासारखी एक गोष्ट आहे आणि ती पहिल्या भोकाच्या आधी व्हायला हवी. गावातली प्रत्येक विहीर, हातपंप, बोअर आणि तलाव यांच्या पाण्याची तपासणी, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर. युरेनियम, रेडियम, फ्लोराइड, सल्फेट, आर्सेनिक आणि मँगनीज, एवढं तरी बघायला हवं. पिण्याच्या पाण्यात युरेनियमची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. या भागातल्या काही खडकांत ते नैसर्गिकरीत्याही असतं, म्हणूनच आधीचा आकडा हवा. तो नसेल तर दहा वर्षांनी विहिरीत युरेनियम सापडल्यावर 'ते पूर्वीपासूनच होतं' एवढं एक वाक्य खाणीला पुरेल आणि ते खोडायला गावाकडे काहीच नसेल. नमुना घेताना हातपंप आधी काही मिनिटं चालवून साचलेलं पाणी काढून टाकावं, धातूंसाठीची बाटली आम्ल घालून बंद करावी, बाटलीवर स्रोताचं नाव, तारीख आणि खोली लिहावी, आणि प्रत्येक स्रोताच्या दोन बाटल्या घ्याव्यात. एक शोध घेणाऱ्या खात्यानं तपासावी, दुसरी गावानं निवडलेल्या स्वतंत्र प्रयोगशाळेत जावी. खर्च शोध घेणाऱ्यानं द्यावा. निकाल मराठीत आणि गोंडीत ग्रामसभेत वाचून दाखवावा, आणि ठरावाच्या वहीत आकड्यांसकट उतरवून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात.